मनीषाबाईंच्या मालकीचं

नाशिकरोडच्या आमच्या शाळेत मनीषाबाई आठवीला इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. वर्ग शेजारी आणि मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचं इंग्रजी मला वर्षानुवर्षं फुकट ऐकायला मिळालं. ‘ओन’ हे क्रियापद आलं की त्यांचा आवाज चढायचा.

“हॅव आणि ओन एक नाही रे! भाड्याची सायकल तुमच्याजवळ असते. ती विकता येईल का? नाही ना? मग ‘आय हॅव’ म्हणा. ओन म्हणजे मालकी. आणि ‘आय ॲम ओनिंग’ कुणी लिहिलं तर मार्क कापीन. मालकी काय नळासारखी चालू-बंद होते?”

मी स्टाफरूममध्ये चिडवायची, “बाई, लोका सांगे ब्रह्मज्ञान! तुमच्या मालकीचं काय आहे?” त्या नुसत्या हसायच्या. ते हसणंही दमलेलं असायचं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, स्कूटर यजमानांची, पगार घरात कधी जिरायचा ते त्यांनाही कळायचं नाही.

सत्त्याण्णव साली त्यांचे वडील सावळीराम वारले. माहेर सायखेड्याचं, गोदाकाठची काळी जमीन, त्यात फ्लॉवर आणि कोथिंबीर. आमच्याकडे रीतच आहे. बाप गेला की बहिणीनं हक्कसोड करायची, म्हणजे आपला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा, आणि भावानं साडीचोळी देऊन बोळवण करायची. सही केली नाही तर माहेर तुटलं. कायदा काय म्हणतो ते कुणी विचारत नाही.

पण मनीषाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं होतं. विहिरीजवळचा लहानसा तुकडा. तिथं एक खोली बांधायची आणि रिटायर झाल्यावर आईला घेऊन राहायचं. “सही करणार नाही,” त्या मला म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी चहा पाजला.

धाकटा भाऊ कुंदन हक्कसोडीच्या कागदासाठी त्यांना निफाडला घेऊन गेला. कचेरीच्या व्हरांड्यात आई, नवसाबाई, आधीच बसली होती. पुढचं सगळं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

“मने, सही करून टाक. म्या अंगठा दिला बी.”

“आई, तू कशाला दिलास? तुझा वाटा तरी ठेवायचा!”

“म्या आडवी आले तर तुझं येणं बंद करतील. दिवाळीला तुला बोलवाया नको का कुणी?”

आणि बाईंच्या मनात वेगळीच धास्ती. आपण नाही म्हटलं तर राग आईवर निघेल, तिला त्याच घरात दिवस काढायचेत. त्यांनी सही केली. आईनं लेकीसाठी सोडलं, लेकीनं आईसाठी. कुंदनला तोंडसुद्धा वाजवावं लागलं नाही. मी संतापानं बोलत सुटले, तेव्हा बाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो, साडी बरी आहे.” मला त्या साडीचा आजही राग येतो.

पुढं सहा-सात वर्षं त्या भाऊबीजेला जात राहिल्या. परत आल्या की दरवेळी थोड्या जास्त थकलेल्या दिसायच्या. विहिरीजवळ कुंदननं गोठा बांधला, एवढंच एकदा बोलल्या.

मग एका रविवारी मी त्यांच्या घरी सहामाहीचे पेपर तपासायला बसले होते. बेल वाजली. दारात कुंदन आणि गाठोडं घेतलेल्या नवसाबाई.

“ताई, आई राहू दे तुझ्याकडं. आमच्याकडं बांधकाम काढलंय.” पाणीही न पिता तो जिना उतरला. त्यानं आईकडं एकदाही वळून पाहिलं नाही; तो परत न्यायला येईल असं मला वाटलं नाही. बाईंनाही वाटलं नसावं.

आतल्या खोलीत सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हातारी उंबऱ्याबाहेरच थांबली. एकदा आत बघितलं, एकदा लेकीकडं.

“मने, हे घर तुझं हे ना? कुणी मला ऊठ म्हणणार नाय ना?”

मनीषाबाईंनी हातातला लाल पेन खाली ठेवला.

“माझंच आहे आई. माझ्या मालकीचं. ये, बस.”

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. नवसाबाईंनी चपला काढल्या आणि त्या आत आल्या.