पुतळाबाईंच्या घरातलं ध्यान

घणसोली गावठाणात लग्न निघालं की पुतळाबाईंना बोलावणं आलंच. त्या धवलारीण, लग्नाच्या विधींची गाणी म्हणजे धवले गाणाऱ्या. हळदीपासून सगळे विधी लागायचे ते त्यांच्या धवल्यांवर, आणि आवाज असा खणखणीत, की मांडवातला डीजेवाला मुकाट्याने गाणं बंद करायचा.

अशा बाईच्या मुलाला, दिपेशला, ध्यानाचा नाद लागला. ऐरोलीच्या ऑफिसात टेन्शन फार म्हणे. रोज संध्याकाळी तो वरच्या खोलीचं दार लावायचा, बायकोला, निशिगंधाला, सोबत बसवायचा आणि स्पीकरवर बासरी लावायचा. चांगली मोठ्याने. गावठाणात घराला घर चिकटलेलं, सगळी आळी ऐकायची. शेजारची गोजरा म्हणायची, "पुतळाबाय, नशीब काढलंस गो!"

"माजा पोऱ्या देवमानूस हाय," म्हणत पुतळाबाई फुगायच्या. पुढे पुढे त्याही खाली पाटावर बसून, डोळे मिटून त्या बासरीवर ध्यान करू लागल्या. उभ्या जन्मात मिळाली नव्हती एवढी शांती त्यांना तिथे मिळाली. निशिगंधाच्या दंडावरचे काळेनिळे वळ? जिना अरुंद, सून वेंधळी. झालं समाधान!

एका संध्याकाळी स्पीकरचं चार्जिंग संपलं. बासरी मध्येच तुटली, पट्ट्याचे फटके मात्र चालूच राहिले. मागून दाबलेलं कण्हणं आलं.

पुतळाबाई बसल्या पाटासकट उठल्या, जिना चढल्या आणि दाराला अशी लाथ घातली की कडी उखडून पडली. निशिगंधा फरशीवर मुटकुळं करून पडली होती, तोंडात ओढणी कोंबलेली, कानातून रक्त येत होतं. दिपेशच्या एका हातात पट्टा होता आणि दुसऱ्या हाताने तो मोबाइलवर बासरी शोधत होता.

पाटाचा पहिला तडाखा त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा खांद्यावर.

"मेल्या, ह्यो तुजा ध्यान?"

"आये, हळू! लोक ऐकतील!"

तिसऱ्यांदा पाट वर गेला तेव्हा तो भिंतीला चिकटून दात-ओठ खात म्हणाला, "बाबा तुला मारायचे तेव्हा तू काय करायचीस? धवले गायचीस. मोठ्याने, बाहेर कळू नये म्हणून. मी लहान होतो, बहिरा नव्हतो. तुझ्याकडूनच शिकलो ना!"

पाट हातातच राहिला. एक शब्द खोटा नव्हता. मार खाताना गायलेल्या धवल्यांचं आळीने कौतुकच केलं होतं, आणि त्या कौतुकाचा त्यांना अभिमानही वाटला होता. आता त्यांना स्वतःची भयंकर किळस आली.

त्यांनी पाट खाली टाकला, निशिगंधाच्या तोंडातली ओढणी ओढून काढली आणि खिडकी सताड उघडली. मग त्या ओरडल्या. सूर नाही, ताल नाही, गुरासारख्या हंबरल्या.

"मारलं गो! मला मारलं!"

समोरच्या ओटीवर गोजरा धावत आली. "कोनी गो? कोनी मारलं तुला?"

"माज्या नवऱ्यानं," पुतळाबाई म्हणाल्या. "आन आता हिला माज्या पोरानं. वर ये."