एकाची दोन

आमच्या प्रयोगशाळेतले गृहस्थ दारातून डोकं बाहेर काढायचे, ओठांवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “हळू बोला, आत लेकरं वाढायलीत!”

लेकरं म्हणजे बशीतले, डोळ्यांना न दिसणारे भ्रूण. मूल होत नसलेल्यांसाठीचा आमचा बरकतपुऱ्यातला दवाखाना तेव्हा नवा होता. परदेशी यंत्रं नुकतीच सहज मिळू लागली होती. मी बाहेर नावं नोंदवायची, हे गृहस्थ आत प्रयोगशाळा सांभाळायचे. मूळचे नांदेडकडचे. मिशी इतकी भरघोस, की मास्कमध्ये मावायची नाही.

तेव्हा बाईच्या गर्भाशयात सहसा दोन-तीन भ्रूण सोडत. दोन रुजले की जुळं. “पण ही नुसती भावंडं,” ते सांगायचे. “एका वेळी आली एवढंच. तोंडं सारखी असतीलच असं नाही.”

विद्यानगरच्या एका सुनेचा मात्र एकच भ्रूण तगला. तोच सोडला. पुढे सोनोग्राफीत दोन ठोके दिसले! तिचे सासरे बेगम बाजारातले मसाल्याचे व्यापारी. तणतणत आले.

“गोणी एक पाठवली, उतरल्या दोन? दुसरं कोणाचं?”

सून मान खाली घालून रडत होती. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

आमचे गृहस्थ प्रयोगशाळेतून अनवाणीच बाहेर आले. “हौ, एकच ठेवला. आत गेल्यावर तो दुभंगला, एकाचे दोन झाले. दोन्ही तुमचेच. दोन्ही पोरं, नाहीतर दोन्ही पोरी, अन् तोंडं एकसारखी. वेगळी निघाली तर मिशी काढतो!”

सासरे गेले, पण सुनेशी बोलणं त्यांनी टाकलंच.

दोन मुली झाल्या. एक गुबगुबीत, दुसरी किरकोळ, सुरकुतलेली. सासरे थेट दवाखान्यात हजर. “काढा मिशी!”

“महिनाभर थांबा जी. बारकीला अंग धरू द्या.”

तो महिना आम्ही सगळे त्या मिशीकडे काळजीनं बघत होतो.

लांबलेल्या बारशाला आम्हा दोघांना बोलावणं आलं. एका मुलीच्या पायात काळा दोरा होता. सासरे ओशाळून म्हणाले, “काल एकीलाच दोनदा दूध पाजलं. ओळखूच येईनात.” मग सगळ्यांसमोर सुनेकडे वळले. “चुकलं माझं, बेटा.”

परवा ते गृहस्थ गेल्याचं कळलं आणि त्या बारशातले ते डोळ्यांपुढे आले. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. सुनेनं दोन्ही मुली त्यांच्या मांडीवर ठेवल्या, तेव्हा श्वास रोखून, दोन्ही हात अधांतरी धरून त्यांनी मला हळूच विचारलं होतं,

“लेकरं एवढी मोठी असतेत का हो?”