डाव्या बाजूचे नट

हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं — आणि आईला मी सगळं सांगते, नको ते पण. गेल्या आठवड्यात ते एकदा तोंडातून बाहेर पडलंय, आता परत गिळता येणार नाही. म्हणून तुम्हालाही सांगते.

समा भागातल्या आमच्या घरी पप्पांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीट, उघडं छप्पर, माझ्याहून वयाने मोठी. रविवारी सकाळी पप्पा ती बडोदेभर फिरवून आणायचे. सत्तरी उलटली होती, पण स्टिअरिंगवर बसले की — काय सांगू — शीळ वाजवायचे.

काही वर्षांपूर्वी तिचं पुढचं सस्पेन्शन बदलायला झालं. गॅरेजला कशाला, मी करते की, म्हटलं मी. मकरपुऱ्यात मशीनच्या कारखान्यात जन्म चाललाय माझा, एवढं येणार नाही? इंग्लंडहून स्प्रिंगा आणि सांध्यांत बसणारे रबरी बुश मागवले, अंगणात गाडी जॅकवर चढवली. फॅमिली ग्रुपवर फोटो — ग्रीसने माखलेले हात, नाक वर. मला मिरवायची हौस आहे, ते आधीच कबूल करते.

आता एक समजून घ्या. त्या बुशचे नट गाडी वर असताना पक्के आवळायचे नसतात. नुसते लावायचे, गाडी खाली उतरवायची, चाकांवर वजन आलं की मग आवळायचे. नाहीतर आतलं रबर पिळवटतं. हे मी पप्पांना ऐटीत समजावूनही सांगितलं होतं. गाडी उतरवली, उजव्या बाजूचे आवळले. तेवढ्यात शेजारी गाडी बघायला आले, कौतुक, चहा — आणि डावी बाजू —

राहिली.

रविवारी पप्पांनी सोसायटीच्या गेटपाशी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. खांबावर आपटली. वॉचमनची खुर्ची उडाली. तो नशिबाने पाणी प्यायला उठला होता. "काका, हवे रहेवा दो ने," आता राहू द्या, असं शेजारी म्हणाले, प्रेमानेच. आणि पप्पा, पांढरेफटक पडलेले, म्हणाले, "माझाच हात चुकला. वय झालं."

दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली शिरले. डावीकडचा नट नुसत्या बोटांनी फिरला. काय वाटलं असेल मला? खरं सांगू — आधी वाटलं, कुणी बघितलं तर नाही ना. गुपचूप आवळला, हात धुतले आणि मूग गिळून बसले. त्यात पप्पांनी गाडी सोडलेली सगळ्यांनाच हवी होती, मलाही. झालं ते बरंच झालं, असं मनाशी म्हणायची सोय होती. ती मी पुरेपूर वापरली.

पण त्यांनी नुसती गाडी सोडली नाही. स्वतःवरचा भरवसा सोडला. गॅस बंद केलाय ना, आईला पुन्हा पुन्हा विचारायचे. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचे. मांडवीच्या गर्दीत रस्ता ओलांडताना माझी बाही पकडायचे — मला गाडी चालवायला शिकवणारा माणूस. लायसन्स मात्र नेमाने रिन्यू करून आणायचे. कशाला, विचारलं की "असू दे," म्हणायचे. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

गेल्या आठवड्यात मी बुश पुन्हा बदलत होते, गाडी उभ्या उभ्या रबर तडकलं होतं. पप्पा शेजारी खुर्चीत बसून पाने देत होते. म्हटलं, हा एक तुम्ही आवळा. "माझ्या हाताने नको ग. परत काही व्हायचं." मी गाडीखाली, मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. तिथूनच सांगितलं सगळं. नट, माझं गप्प बसणं, ती सोय — सगळं. चपला वळल्या. मग घरात गेल्या.

परवा सकाळी त्यांनी गाडी काढली. मी शेजारी बसायला पुढे झाले. "तू नको," म्हणाले. एकटे गेले. मी गेटपाशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने आले, गाडी सरळ आत घेतली आणि आईला म्हणाले, "ब्रेक झकास लागतो. वाढ, भूक लागलीय."

माझ्याशी अजून बोलत नाहीत. का बोलावं? उद्या परत जाणार आहेत, या वेळी आईला घेऊन. ती मघापासून केसांना बांधायला रुमाल शोधतेय.