क्षारपडीतले भोवत्ये

शिरोळकडच्या एका क्षारपड रानात मी, एक वर्ष सोडलं तर, अकरा वर्षं दर जानेवारीतली एक संध्याकाळ घालवली. काम सोपं होतं. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थंडीत पार मध्य आशियातून आपल्याकडे येतात. दिवसभर शेतांवरून, माळांवरून अगदी खालून उडत उंदीर, नाकतोडे धरतात आणि दिवस मावळताना एखाद्या ओलसर गवताळ जागी गोळा होऊन जमिनीवरच झोपतात. ते उतरताना मोजायचे आणि आकडा फॉर्ममध्ये भरून पाठवायचा, एवढंच. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. पक्षी मोजणाऱ्या एका गटानं हे ठिकाण माझ्या गळ्यात घातलं, आणि दुसरं कुणी मिळेना म्हणून ते माझ्याच गळ्यात राहिलं.

पहिल्या वर्षी मी बांधावर दुर्बीण काढून उभा होतो, तेव्हा रानाचे मालक आले. साठीच्या आसपासचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काय पावणं, रान घ्यायला आलाय व्हय?"

"न्हाय ओ. पाखरं मोजायला आलोय."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मोजा की. हितं दुसरं मोजण्यासारखं काय न्हाईच."

त्यांच्या वडलांच्या वेळी त्या रानात ऊस डोक्याच्या वर जायचा. मग नदीचं पाणी उपसून रानोरान आलं आणि ते देताना कुणीच हात आखडला नाही. काळी जमीन, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. खालचं पाणी वर आलं आणि येताना मीठ घेऊन आलं. उन्हाळ्यात रान चुना सांडल्यासारखं पांढरं, पावसाळ्यात तळं. त्यांनी शेवटचं पीक काढलं तेव्हा थोरली लेक पाळण्यात होती; मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिलाच लेकरं झालेली. घर चालायचं ते म्हशींवर आणि दुसऱ्यांच्या रानातल्या कामावर. शेजारच्या सात-आठ जणांची रानंही तशीच पडलेली. त्या सगळ्या पट्ट्यात कमरेएवढं गवत आणि पाणकणीस माजलं होतं, आणि म्हणूनच भोवत्ये तिथं येत होते.

तिसऱ्या वर्षापासून मालक माझ्याशेजारी बांधावर बसायला लागले. राखी तो नर, तपकिरी ती मादी, एवढं त्यांनी एका संध्याकाळीच उचललं. दुर्बीण मात्र त्यांना नको असायची. "डोळं हाईत की," म्हणायचे. एका वर्षी माझा पाय मोडला होता, मी घरात पडून. त्यांचा फोन आला.

"सर, काल मोजली. एकवीस झाली. एक बहुतेक दोनदा धरलंय मी. तवा वीस लिवा."

मी वीस लिहिले. मोजणी करणारी इतकी शिकलेली माणसं मला माहीत आहेत, त्यांतल्या कुणी असा एक पक्षी परत दिलेला मला आठवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारचे लोक गवताला काडी लावायचे. आपल्या वाटणीच्या रानात मालकांनी ते बंद केलं आणि त्यावरून चुलतभावाशी वर्षभर अबोलाही धरला.

नवव्या वर्षी मी गाडी लावली, तर ते नेहमीप्रमाणे बांधाकडं निघाले नाहीत. त्यांच्या पत्नीनं, काकींनी, चहा आणला. मालकांनी कप रिकामा करून खाली ठेवला.

"पायपा घालणार हाईत," ते म्हणाले. "गावानं ठरवलंय. जमिनीखाली भोकाच्या पायपा. सगळ्यांचं पाणी वढ्याला काढणार. दोन-तीन पावसाळ्यात मीठ धुऊन जातंय म्हणत्यात."

"चांगलं झालं की."

"व्हय." मग रानाकडं बघत, "पाखरांचं काय हुईल?"

मला उत्तर माहीत होतं. आसपास दहा-वीस किलोमीटरात अशी दुसरी जागा मी बघितलेली नव्हती. आधी दोन होत्या. एकीवर प्लॉट पडले, दुसरीवर भराव.

"जातील कुठंतरी," मी म्हणालो.

"जातील न्हवं?"

"जातील."

काकी दारातनं म्हणाल्या, "आवो, रान पडून तेहतीस वरसं झाली. आमी काय खायाचं ते कोन मोजलं का?" आवाजात राग नव्हता. मलाही राग आला नाही. उलट त्या बरोबर बोलल्या म्हणून बरं वाटलं. त्यांचं रान नीट होऊ नये असं मला कधीच वाटलं नाही. पण ते नासलं होतं तोवरच माझे पक्षी होते, हेही खरं होतं.

दहाव्या वर्षी चार भोवत्ये आले. रानात गव्हाचं विरळ पीक होतं, कडेला अजून थोडं मीठ. चौघे त्यावरून बराच वेळ फिरले, एक खाली उतरला, लगेच उठला, आणि मग चौघेही पश्चिमेकडं निघून गेले. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो. घरात मात्र तेव्हा सण असल्यासारखं होतं. काकींनी रानातल्या गव्हाच्या हिरव्या ओंब्या भाजून दिल्या. त्या खाताना मला खरंच आनंद झाला, हे इथं लिहून ठेवतो.

अकराव्या वर्षी ऊस उभा होता. ते मला उसाच्या कडेनं चालवत ओढ्याकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथं दोनेक गुंठे गवत राखलं होतं, भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण.

"हितं पायप घालू दिली न्हाय," ते म्हणाले. "पोरगा लई बोलला."

त्या पक्ष्यांना चहूबाजूला मोकळं लागतं. तिन्ही बाजूंनी उसाच्या भिंती असलेल्या त्या चौकटीत एकही उतरणार नव्हता. मी सांगावं की नाही, ह्या विचारात होतो. तेच म्हणाले, "येनार न्हाईत. म्हाईत हाय मला. पन सगळंच घेऊ वाटंना."

आम्ही तिथं बसलो. एक टिटवी ओरडत गेली. बाकी काही आलं नाही.

घरी येऊन मी फॉर्म भरला. संख्या: शून्य. पुढच्या रकान्यात धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीतली त्या जातीची स्थिती आधीच छापलेली असते: किमान चिंता. वर्षानुवर्षं मी मुलांना त्या यादीतल्या पायऱ्या शिकवल्या. जग मोठं आहे, तिथं अजून पुष्कळ भोवत्ये असतील, हे मला समजतं. गटाच्या प्रमुखांना फोन केला, तर ते म्हणाले, "शून्यही नोंदच आहे, सर." हे वाक्य मीही नव्या लोकांना अनेकदा ऐकवलं आहे. त्या दिवशी मी नुसतं "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.

आता शाळेतली नोकरी संपली, गुडघाही साथ देत नाही. ह्या वर्षीच्या फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न होता: हे ठिकाण यादीतून वगळावे काय? मी 'नको' लिहिलं. खाली कारण द्यायला तीन ओळी होत्या. त्या तशाच सोडल्या, आणि मग रानाच्या मालकांना फोन करून उसाला तोड कधी आहे, तो कोपरा मोकळा कधी होतोय, ते विचारलं.