क्रॉयडनमधला खंडाळ्याचा घाट

एझ्राकाकांचा पत्ता लंडनमधल्या क्रॉयडनचा होता, पण ते राहायचे अठराशे त्रेसष्ट सालात. ट्रामला उशीर झाला की म्हणायचे, "त्रेसष्टात असतो तर एव्हाना चालत पोचलो असतो." थंडीची तक्रार केली की म्हणायचे, "तेव्हा याहून जास्त असेल, विचारून सांगतो."

आमची ओळख ट्रामच्या थांब्यावरच झाली. मी इथल्या मराठी मुलांना पोळीभाजीचे डबे पोचवते. त्या दिवशी फोनवर बहिणीला सांगत होते की एक म्हातारा कधीचा माझ्या पिशवीकडे टक लावून बघतोय. गोरा, टोपीवाला माणूस, त्याला काय कळणार! तर तो म्हणाला, "पिशवीकडे नाही गो बाय, वासाकडे बघतोय. वालाची उसळ ना?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते मात्र खुशीत हसत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा सुरू झाला. "मटण दिलंस तर त्या दिवशी दही नको, आमच्यात चालत नाही," एवढीच अट.

ते मुंबईचे ज्यू, बेने इस्रायल. पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. काका सांगायचे, "घाणा गेला, गाव गेलं, शनिवार तेवढा राहिला." तो त्यांनी घट्ट धरला होता. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत दिव्याचं बटणसुद्धा दाबायचे नाहीत. तरुणपणी इथे आले, रेल्वेत गार्ड झाले, तिथेही शनिवारची सुटी भांडून मिळवली.

बायको गेल्यावर त्यांनी सोफा गॅरेजमध्ये टाकला आणि पुढच्या खोलीत खंडाळ्याचा घाट बांधला. रूळ, बोगदे, पूल, छोटी गाडी, सगळं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी मला त्या सालाची गोष्ट सांगितली. "याच एका वर्षात बघ, लंडनमध्ये लोकांनी जमिनीखालून गाडी नेली. जगात पहिल्यांदा. कोळशाचं इंजिन गो, बोगद्यात धूर! आणि त्याच वर्षी आपल्याकडे गाडी बोरघाट चढून खंडाळ्याला पोचली. हे उंदरासारखे खाली गेले, आपण माकडासारखे वर. आता सांग, हवा कुणाला चांगली?"

घाटाचा चढ इतका उभा होता, की मध्येच एका ठिकाणी गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने उरलेला घाट चढायची. काकांच्या घाटातही तसंच होतं. तिथे गाडी थांबली की ते हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. "घाटात घाई करायची नाही. लोकांना वाटतं गाडी अडली. ती फक्त तोंड फिरवत असते."

त्यांच्या रेल्वे-मॉडेलच्या क्लबाने त्या वर्षी प्रदर्शनाला अठराशे त्रेसष्ट हाच विषय घेतला. काका आनंदाने वेडे झाले. पण मधलं टेबल लंडनच्या भुयारी गाडीला होतं. क्लबचे अध्यक्ष ग्रॅहम म्हणाले, शेजारी जागा आहे, पण दोन्ही दिवस गाडी चालायला हवी. नाहीतर घाट बाहेर, कोटांच्या खोलीपाशी. आणि पहिला दिवस शनिवार.

पुढच्या वर्षाची आशा नव्हती. काकांची नजर विझत चालली होती, आणि प्रदर्शन संपलं की मुलगी रूथ त्यांना बर्मिंगहॅमला स्वतःच्या फ्लॅटवर नेणार होती. तिथे घाट मावणार नव्हता.

"मी तुला चालव म्हणणार नाही," काका मला म्हणाले. "शनिवारी दुसऱ्याला सांगणंही बरं नव्हे. मी नुसता उभा राहीन."

"काका, मला चार माणसांसमोर बोलता येत नाही. त्यात इंग्लिश."

"चौथीपर्यंत इंग्लिश शिकलीस ना? घाटाला तेवढं पुरे."

"आणि चुकले तर?"

"तर मी पाठमोरा उभा राहीन."

मग मीही एक अट घातली. त्यांचा डोंगर प्लास्टरचा होता, हिरवा रंग फासलेला. "हा डोंगर आहे की साबणाची वडी? मी करते," म्हटलं. दिवाळी तोंडावर होती. लहानपणी किल्ला करायचो तसं तरट पसरलं, माती लिंपली आणि वर मोहरी पेरली. गुरुवारी बारीक हिरवी लव आली. काका बोटांनी चाचपून म्हणाले, "हा खरा खंडाळा."

शुक्रवारी दुपारी घाट प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मांडला. रात्रभर हॉलचे हीटर चालू होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दार उघडलं तर मोहरीचं रान झालेलं. देठ लांबून रुळांवर आडवे पडलेले. लोक आत यायला लागले. मी बटण फिरवलं, गाडी निघाली, पहिला पूल ओलांडला आणि बोगद्याच्या तोंडाशी मोहरीत अडकली. ग्रॅहम घड्याळाकडे, मग कोटांच्या खोलीकडे बघायला लागले. काकांनी पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट करकचून धरलं होतं. त्यांना चार पात्या बाजूला करायच्या होत्या, एवढंच. त्यांनी केल्या नाहीत. पण पाठमोरेही झाले नाहीत.

माझ्या पिशवीत कोथिंबीर कापायची कात्री होती. मी ती काढली आणि खंडाळ्याची हजामत करायला लागले. एक मुलगी खदखदून हसली. तिची आजी पुढे वाकून म्हणाली, "मस्टर्ड! शाळेत ओल्या कापसावर रुजवायचो आम्ही."

"येस. रिअल. यू ईट," मी म्हणाले आणि कापलेली मोहरी तिच्या हातावर ठेवली. तिने खरंच खाल्ली. मग रांगच लागली.

गाडी पुन्हा निघाली. उलटायच्या जागी थांबली तशी कुणीतरी विचारलं, "इज इट ब्रोकन?"

"नो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "वेट. नाऊ बॅक. देन अप."

इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं. गाडी चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रॅहम म्हणाले, गवत दर तासाला कापणार का? त्यांना वाटलं, तोही कार्यक्रमाचाच भाग आहे.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर काका मला घेऊन पार्किंगमध्ये गेले. तीन चांदण्या दिसल्या की शनिवार संपतो. माझे डोळे, त्यांचा शनिवार. पण आभाळात नुसते ढग. मी म्हटलं, "एकही नाही काका." आणखी बराच वेळ थांबून, चांगला काळोख झाल्यावर ते म्हणाले, "ढगामागे तीन तरी असतीलच गो. हे इंग्लंड आहे, इथे विश्वासावर चालायचं."

आत येऊन त्यांनी बटण हातात घेतलं. गाडी बोगद्यात शिरली. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"आली का वर?"

"आली, काका."

रविवारी त्यांनी दिवसभर स्वतः गाडी चालवली, आणि सोमवारी रूथने त्यांना बर्मिंगहॅमला नेलं. घाट क्लबाने ठेवून घेतला. दर रविवारी फोन यायचा. तब्येत, पाऊस काही नाही, पहिलं वाक्य एकच, "चढली का?" मग दुसरं, "गवत कापलंस का?" एका रविवारी फोन आला तो रूथचा. काका झोपेतच गेले होते, शनिवारी. हाताला काही काम लागू न देता.

आता क्लबात शनिवारी घाट मी चालवते. दिवाळीत मोहरीही पेरते. गाडी उलटायच्या जागी थांबली की मुलं घाई करतात, तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. गाडी बोगद्यातून वर आली की हळूच म्हणते, "आली, काका."

एकदा ग्रॅहमनी विचारलं, कुणाशी बोलतेस?

म्हटलं, "गार्डशी."