माझी चूक तिच्या तोंडी

आईच्या सत्काराच्या दिवशी एका पत्रकाराने मला विचारलं, "त्यांच्या कोणत्या भूमिकेचा तुम्हाला जास्त अभिमान वाटतो?" मी म्हटलं, सगळ्याच. साफ खोटं बोलले. अभिमानाचं नंतर बघू, आईच्या भूमिकांचा मला आधी हेवा वाटतो आणि या वयातही तो विझलेला नाही. ती अख्खा जन्म रंगभूमीवर आणि पडद्यावर होती. आधी नायिका, मग आई, मग सासू आणि शेवटी शेवटी खोकणारी आजी. एवढ्या वर्षांत किती पोरांना तिने उराशी धरलं असेल, देव जाणे. पोटची मी एकटी, आणि मी सोनाळ्याला मावशीकडे.

मी रांगत होते तेव्हाच वडील गेले. आईचा गळा गोड होता. बाया नुकत्याच नाटकात उभ्या राहू लागल्या होत्या आणि एका फिरत्या कंपनीला गाणारी नायिका हवी होती. तिने मला मावशीच्या ओटीत घातलं आणि ती गेली. गावाने तोंडात बोटं घातली. नागपूरच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा काढली.

कंपनीचा एक रिवाज होता. नायिकेला मूल आहे हे बाहेर कळू द्यायचं नाही. तिच्या नाटकात पहिल्या अंकात तिचं लग्न व्हायचं आणि तिसऱ्यात ती आठ वर्षांच्या मुलीची आई असायची, ते चालायचं. नाटकातली मुलगी चालते, घरची चालत नाही. म्हणून कंपनीच्या बिऱ्हाडी गेलं की मी आईला अक्का म्हणायचं. हे तिनेच शिकवलं. "चुकलीस तर पुढच्या वेळी आणणार नाही," असं बजावलंही. मी कधी चुकले नाही. इतकी पक्की झाले की ती सोनाळ्याला आली तरी माझ्या तोंडून आई निघेना. वापरायलाच मिळाला नव्हता तो शब्द.

तो मिळाला होता पेटीवाल्याच्या मुलीला. माझ्याच वयाची, कंपनीतच वाढलेली. गोरी नव्हती, माझ्याहून उंचही नव्हती. मी नीट बघून ठेवलं होतं. नाटकातली मुलगी तीच. दर प्रयोगाला हजार माणसांसमोर माझ्या आईला आई म्हणायची आणि तिच्या गळ्यात पडायची. प्रयोगाआधी आई तिची वेणी घालायची. माझी वेणी मावशी घालायची, तीही ओढून.

एकदा कापसाच्या हंगामात कंपनीचा मुक्काम नांदुऱ्याला पडला. सरकी काढायच्या जिनाच्या आवारात मांडव घातला होता. आईने निरोप धाडला तशी मी आणि मावशी बैलगाडीने वरवट बकालवरून तिथे पोचलो. बायकांच्या बाजूला बसून मी ते नाटक पहिल्यांदा पाहिलं. सासरच्यांनी हाकललेली बाई काही वर्षांनी मोलकरीण होऊन त्याच घरात येते, आणि शेवटी मुलगी तिला ओळखून "आई!" करत धावते. ती धावली. माझ्या आईने तिला असं कवटाळलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काऊन रडून राह्यली वं?" मावशीने विचारलं.

"मले नाई आवडलं हे नाटक."

आजूबाजूच्या सगळ्याच बाया रडत होत्या, त्यामुळे माझं वेगळं रडणं खपून गेलं. पुढचे सगळे प्रयोग मी पाहिले आणि त्या मुलीची सगळी भाषणं पाठ केली. कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग तिला हिवताप भरला. मला आनंद झाला, उगाच कशाला लपवू? मॅनेजर डोक्याला हात लावून बसला तेव्हा आई म्हणाली, "हिला पाठ आहे." म्हणजे तिचं माझ्याकडे लक्ष होतं! दिवसभर मी एकच शब्द घोकत होते. जिनाच्या भिंतीआड, कापसाच्या गंजीमागे, आई, आई, आई. संध्याकाळी तिने माझी वेणी घातली, त्या मुलीचा परकर मला नेसवला आणि कपाळावरचे केस थुंकी लावून बसवले.

तिसरा अंक. मी धावले, तिच्या कमरेला मिठी मारली. तोंडाला रंग, विंगेत मॅनेजर, चहूकडे कंपनीची माणसं. वर्षानुवर्षं अशा जागी जे शिकवलं होतं तेच जिभेने केलं. मी जोरात म्हणाले, "अक्का!"

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. पडद्यामागून प्रॉम्प्टर "आई म्हण, आई" म्हणून कुजबुजत होता. मी घाबरून तोंडावर हात धरला. आईने तो हात काढला, माझी हनुवटी वर केली आणि सावकाश म्हणाली, "अक्का? नऊ महिने पोटात वागवलं गं तुला, आणि मी अक्का?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. मांडवात सगळीकडून हुंदके यायला लागले. मीही रडले, आणि मग मी आई म्हणाले, किती वेळा म्हणाले ते टाळ्यांत कोणाला ऐकू गेलं नाही. मला मात्र ऐकू येत होतं. ती ते माझ्याशी बोलली होती. नाटकातल्या पोरीशी नाही, माझ्याशी. तेव्हा मला याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

रंगपटात ती खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होती. मी विचारलं, "ते तू मले म्हटलं ना?"

"वेळ मारून नेली गं," ती आरशात बघत म्हणाली. "नाहीतर हसली असती माणसं."

मॅनेजर मात्र खूश झाला होता. ते तसंच राहू द्या म्हणाला. पेटीवाल्याच्या मुलीचा ताप उतरला, आणि दुपारच्या तालमीला मी मावशीजवळ बसून बघत होते. आई तिला शिकवत होती. आधी धाव, मग अक्का, मग तोंडावर हात. "असं नाही," आई म्हणाली. "ती कशी घाबरली होती? तशी घाबर." ती म्हणजे मी. समोरच बसले होते. पोरगी पुन्हा धावली, पुन्हा घाबरली आणि आईने तिची हनुवटी वर केली. नऊ महिने पोटात वागवलं गं तुला. मला सांगायला जड जातं, पण ती माझ्यापेक्षा चांगली घाबरली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पुढे त्या नाटकाचा बोलपट झाला. त्यातही तीच मुलगी. नांदुऱ्याला तंबूत तो लागला तेव्हा पडद्यावर आईचं तोंड बैलगाडीएवढं दिसत होतं. ती जागा आली आणि सगळा तंबू मुसमुसायला लागला, मावशीसुद्धा. मी तिला कोपराने ढोसलं. "मावशी, ते माझं हाय."

"काय तुझं?"

"ते अक्का म्हननं."

"चूप बस वं," मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "पाहू दे मले."

त्या वर्षी आई चार दिवस सोनाळ्याला येऊन गेली. तिला पोचवायला मी नांदुऱ्याच्या स्टेशनावर गेले होते. फलाटावर बायांनी तिला ओळखलं आणि घोळका जमला. "पोरीले नाई आनलं बाई? काय गोड काम करते वं माय!" आई हसून म्हणाली, "पुण्याला असते ती. बरी आहे." मी तिच्या बाजूला उभी होते. एकीचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अन् हे पोरगी कोनाची?"

आता तिथे मॅनेजर नव्हता. लपवायलाही काही उरलं नव्हतं, कारण आई म्हणूनच तर तिचं नाव झालं होतं. मी वाट पाहिली. तिने पदर सारखा केला, गाडी कुठवर आली ते पाहिलं, आणि पुन्हा पदर सारखा केला.

मग मीच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, गाडी येऊन राह्यली." आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माणसं जमलेली होती. मी होते, ती होती. पुढचं वाक्य तर तिला झोपेतही पाठ होतं.

"सामान धर," ती म्हणाली.

मी धरलं.