काळी पाच

“काळी पाचच्या खाली आपण गातच न्हाई,” नेकनूरचे पुढारी पेटी दुरुस्त करणाऱ्या चाचांना बजावत होते. मागच्या भजनात त्या पट्टीत त्यांचा आवाज फाटला आणि दोष पेटीवर आला.

“जी साहेब, पेटीचाच कसूर,” चाचा म्हणाले. गिऱ्हाइकाशी ते कधीच वाद घालत नाहीत. डोळे मिटून, मान तिरकी करून नुसतं ऐकतात. मग त्यांनी पट्ट्यांची अख्खी रांग हळूच दोन घरं सरकवली. आता बोट पाचव्या काळ्या पट्टीवर, सूर मात्र खालच्या चौथीचा.

पुढारी मनसोक्त गायले. कार्यकर्ते म्हणाले, “लई उंच, साहेब!”

मी माझा कीबोर्ड दुरुस्तीला घेऊन दुकानाच्या कोपऱ्यात उभी होते. माझ्या इंग्रजी पुस्तकात काळी पाचच्या एकाच सुराला ए शार्प आणि बी फ्लॅट अशी दोन नावं आहेत. चाचांनी एका नावात दोन सूर बसवले होते.

“ताई, तुमी विंग्रजी संगीत शिकल्या ना? सांगा, काळी पाचच हाय ना?” पुढाऱ्यांनी मला विचारलं.

भाता पुसणारा चाचांचा हात थांबला. तालुक्यातली भजनी मंडळं पुढाऱ्यांच्याच शब्दावर चाचांकडे येतात.

“हो,” मी म्हणाले, “इतकी स्वच्छ काळी पाच मी आजवर ऐकली नव्हती.”